इनिशियल दिले नसेल तर

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नळ खाकरला आणि पाणी आले. दर सहाव्या दिवशी येणारे सिरुवाणी धरणाचे पाणी जेमतेम तासभर टिकते, म्हणून कयलविळीने आदल्या संध्याकाळीच दोन पिंपे आणि सात घागरी अंगणात मांडून ठेवल्या होत्या. पहिली घागर भरेपर्यंत तिने अंगण झाडले, दुसरी भरेपर्यंत उंबऱ्यासमोर पाच ठिपक्यांचे कोलम काढले. तिसरी उचलताना मानेतून निघालेली कळ उजव्या खांद्यात उतरली आणि तिथेच थांबली. ती कळ चार वर्षांच्या ओळखीची होती. कयलविळीने तिच्याकडे लक्ष दिले नाही.

सहा वाजता तिने कुकरमध्ये तांदूळ आणि तूरडाळ एकत्र लावली. अरिसी परुप्पू हा डाळभात एकाच भांड्यात होतो, आणि शुक्रवारी दुसरे भांडे घासण्याची ताकद तिच्यात उरत नसे. नवरा मणिवण्णन सूतगिरणीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता. डबा उचलून निघताना तो म्हणाला, "आज तरी वेळेवर ये." ती म्हणाली, "बघते." गेली आठ वर्षे ही दोन वाक्ये त्याच क्रमाने बोलली जात होती. आठ पंचवीसला तिने स्कूटर काढली, लॉली रोडच्या सिग्नलवर दोनदा थांबली आणि नऊला पाच मिनिटे कमी असताना आवारमपाळयममधल्या आपल्या कार्यालयाच्या जिन्यापाशी पोहोचली. तळमजल्यावर इडलीचे पीठ दळणाऱ्या दगडी ग्राइंडरच्या दुरुस्तीचे दुकान होते. वर, दोन खोल्यांत, सहा माणसे महाविद्यालयांच्या कार्यालयांसाठी संगणकावरची व्यवस्था चालवत.

दारावर कार्यालयाचे प्रमुख तिरुमूर्ती सर यांनी सूचना चिकटवली होती: 'परीक्षा संपेपर्यंत काहीही बदलू नये.' 'काहीही' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. तिच्या शेजारी बसणारी रहमत निशा आधीच आली होती.

"अक्का, तुमच्यासाठी तीन फोन येऊन गेले. परीक्षा विभागाचे आरोक्यसामी. चौथा आता येईल बघा."

"काय म्हणतात?"

"मला कुठं सांगतात! 'मोठ्या मॅडमना द्या' म्हणतात. मी म्हटलं, उंचीनं मीच मोठी आहे. ठेवून दिला."

चौथा फोन आला. आरोक्यसामी हे त्यांच्या व्यवस्थेवर चालणाऱ्या एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातले जुने कारकून होते. महाविद्यालयाला यंदाच स्वायत्तता मिळाली होती. आजवर हॉल तिकिटे विद्यापीठातून छापून येत. या वेळी पहिल्यांदाच ती कयलविळीच्या व्यवस्थेतून निघाली होती.

"मॅडम, एका मुलीच्या नावात घोळ आहे. ओळखपत्रावर पी. याळिनी, हॉल तिकिटावर के. याळिनी. सोमवारी पेपर. बाहेरून पथक येणार आहे, अक्षराला अक्षर जुळवणार. जुळलं नाही तर बसू देणार नाहीत."

"तुमच्याकडच्या नोंदीत काय आहे?"

"पी. आईचं इनिशियल लावते ती. आई पूंगोडी."

"मग तिकिटावर पी यायला हवं."

"ते तुम्ही मला सांगता?" आरोक्यसामी म्हणाले. "दुरुस्तीचा अर्ज आहे माझ्याकडे. त्यावर वडिलांची सही लागते. मी मुलीला सांगितलं, सही आण. ती नुसती उभीच राहिली. नाही म्हणेना, हो म्हणेना. शेवटी तुमचा पत्ता दिला. येईल ती."

"अहो, इथं कशाला पाठवलीत?"

"माझ्या टेबलासमोरून हलेना, मग काय करू? मलाही मुली आहेत."

कयलविळीने फोन ठेवला आणि हॉल तिकिटाचे पान उघडले. नाव छापण्याचे काम ते पान स्वतः करत नव्हते. त्यासाठी एक साचा होता. व्यवस्थेत जिथे जिथे माणसाचे नाव छापायचे, तिथे तिथे ते नव्याने न लिहिता हा एकच साचा बोलवायचा आणि त्याच्या हाती हव्या त्या गोष्टी द्यायच्या: नाव, इनिशियल म्हणजे आडनावाऐवजी नावाआधी लागणारे अक्षर, आणि भाषा. या हाती दिलेल्या गोष्टींना त्यांच्या धंद्यात आर्ग्युमेंट म्हणत. सुरुवातीला ती तीनच होती. पुढे कुणाला इनिशियलनंतरचे टिंब नको झाले, कुणाला नावाआधी 'सेल्वी' म्हणजे कुमारी हवे झाले, कुणाला इनिशियल नावाच्या शेवटी हवे झाले. प्रत्येक फोनागणिक एकेक वाढत ती चौदा झाली. साचा त्रेसष्ट ठिकाणांहून बोलावला जात होता. त्याला हात लावायचा म्हणजे त्रेसष्ट पानांना हात लावायचा, आणि म्हणून गेली तीन वर्षे कुणी लावला नव्हता.

हॉल तिकिटाच्या पानाने साच्याला नाव दिले होते, भाषा दिली होती. इनिशियल दिलेच नव्हते. तरीही ते छापून आले होते. का आले होते, हे बघायला तिने साचा उघडला आणि चौथ्या ओळीवर थांबली.

इनिशियल दिले नसेल तर साचा ते स्वतः शोधत होता. तो वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर उचलून लावत होता. त्या ओळीशेजारी एक टीप होती: 'नेहमी तेच असते.' टिपेखाली तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती आणि लिहिणारीचे नाव कयलविळी असे होते.

ती ओळ लिहिल्याचे तिला आठवत नव्हते. पण तशी ती का लिहिली असावी, हे तिला सहज समजत होते. प्रत्येक ठिकाणाहून इनिशियल पाठवण्याचा त्रास वाचला होता. पाठवायला विसरलेल्या माणसाची चूक झाकली जात होती. हजारो नावांत ते बरोबर आले होते, कारण हजारो नावांत वडिलांचे अक्षर आणि माणसाचे अक्षर एकच होते. प्रवेश अर्जात इनिशियलचा रकाना वेगळा होता, प्रत्येकाने तो भरलेला होता, आणि साच्याने तो कधी विचारलाच नव्हता.

"काय झालं, अक्का?" रहमत निशाने विचारले.

"माझीच चूक आहे. नऊ वर्षं जुनी."

"बघू." तिने वाकून वाचले आणि टिपेवर बोट ठेवले. "नेहमी तेच असते? तुमचंच बघा ना. बँकेत एस., इथल्या पगारपत्रकात एम. तुमची दोन इनिशियलं आहेत आणि लिहिता काय, तर नेहमी तेच!"

"तेव्हा लग्न झालं नव्हतं."

"तेव्हाच तर विचार करायचा असतो."

साडेअकराला मुलगी आली. जिना चढून आल्यावर तिने चपला बाहेर काढल्या, आत डोकावली आणि कुणाला विचारावे हे न कळून रहमत निशाच्या खुर्चीपाशी थांबली. हातात प्लास्टिकच्या पाकिटात ओळखपत्र आणि हॉल तिकीट होते.

"ये, अम्मिणी, बस," कयलविळी म्हणाली. "बसनं आलीस?"

"हो, मॅडम. दोन बदलून."

"जेवलीस?"

"जेवीन."

कयलविळीने दोन्ही कागद पाहिले. पाहण्यासारखे त्यांत काही नव्हते. सगळे तिला आधीच ठाऊक होते. तरी तिने ते सावकाश पाहिले, कारण मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"ही चूक तुझी नाही. अर्जात तू बरोबर भरलं आहेस."

"आरोक्यसामी सर म्हणाले, अप्पाची सही आणली की लगेच होतं."

"अप्पा कुठं असतात?"

"पोळ्ळाचीला. नारळाच्या वखारीत." याळिनी जरा थांबली. "अम्मा रविवारी जाणार आहे सही आणायला. काल रात्री साडी काढून ठेवली तिनं. नऊ वर्षांत त्यांचं तोंड बघितलं नाही, मॅडम. मी दहावीत असताना गॅझेटमध्ये देऊन इनिशियल बदललं, तेव्हासुद्धा वकिलाकडून कागद करून घेतले, पण गेली नाही. आता म्हणते, तुझं वर्ष जायला नको, मी जाते."

"सही देणार नाहीत का ते?"

"देतील की." मुलीने पाकिटाची कड बोटांत घडी केली. "तेच तर नको आहे. ते देतील, वर कॉफी पाजतील, शेजाऱ्यांना हाक मारतील, म्हणतील, बघा, शेवटी माझ्याच सहीला आली. अम्मा परत येऊन काही बोलणार नाही. नुसती शिलाई मशीनवर बसेल."

रहमत निशाने टंकणे थांबवले होते. खालून ग्राइंडरचा दगड टाकण्याचा आवाज आला.

"पेपर कधी आहे? सोमवारी दहाला?"

"हो."

"अम्माला म्हणावं, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. उद्या मी फोन करते. मग जायचं की नाही ते ठरवा."

"होईल का, मॅडम?"

हो म्हणणे सोपे होते. दारावरची सूचना मुलीच्या पाठीमागे तिला दिसत होती. "उद्या फोन करते," ती पुन्हा म्हणाली, आणि आपल्या डब्यातला अर्धा भात झाकणात काढून मुलीसमोर ठेवला.

तिरुमूर्ती सर बारा वाजता आले. संध्याकाळपर्यंत त्यांना उडुमलपेटला पोहोचायचे होते; मेहुण्याच्या घराची वास्तुशांत होती, आणि ते दोन दिवस तिथेच राहणार होते. कयलविळीने उभ्या उभ्या सगळे सांगितले. ते वाईट गृहस्थ नव्हते. तीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आठवड्यात याच साच्यातला एक बदल दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या गुणपत्रिकांवर उलटला होता, आणि पहाटेपर्यंत जागून चारशे गुणपत्रिका हाताने तपासणाऱ्यांत तेही होते.

"साच्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "दुसरं काहीही सुचव."

"दुसरं म्हणजे साचा तसाच ठेवायचा. अर्जातलं इनिशियल आहेच. ते फक्त हॉल तिकिटावरून द्यायचं."

"तेही नको, तिकिटाचं पानही परीक्षेतलंच आहे. कयल, सोपं आहे हे. त्या मुलीच्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात आईचं नाव टाक. पूंगोडी. साचा पहिलं अक्षर उचलेल, पी येईल. एका मिनिटाचं काम. परीक्षा झाली की परत बदल."

"आणि परत बदलायचं राहिलं तर? पदवीच्या प्रमाणपत्रावर 'वडील: पूंगोडी' येईल, सर. पासपोर्टच्या खिडकीवर उभी राहून काय सांगेल ती?"

"तू विसरणार नाहीस."

"मी विसरते, सर. ही चौथी ओळ मी लिहिली, आणि मला आठवतही नाही."

तिरुमूर्ती सरांनी चष्मा काढून पुसला. "अगं, अठराशे त्रेचाळीस मुलं आहेत. एकीसाठी अठराशे पणाला लावायचे का? तूच सांग."

सर म्हणत होते ते खोटे नव्हते. "बघते," ती म्हणाली. सरांनी ते होकारासारखे घेतले आणि तीनच्या गाडीसाठी निघून गेले.

दुपारभर तिने दुसरी कामे केली. फीच्या पावतीवरची एक रेघ सरळ केली, वसतिगृहाच्या यादीतली दोन पाने जोडली. त्या मुलीच्या नोंदीचे पान तिने दोनदा उघडले. वडिलांच्या रकान्यात कंदवेल असे नाव होते. ते पुसून पूंगोडी लिहायला खरोखरच एक मिनिट लागले असते, आणि त्या मिनिटानंतर तिला घरी जाता आले असते. आपण फार थकलो आहोत, हे तिला त्या वेळी स्पष्ट जाणवले. एका दिवसाचा थकवा असता तर झोपेने गेला असता. हा नऊ वर्षे दर वेळी सोपी वाट धरून, त्या वाटेची डागडुजी करत राहण्याचा होता. चौदा आर्ग्युमेंटांतले प्रत्येक म्हणजे अशीच एक दुपार होती.

तिने नोंदीचे पान बंद केले.

"निशा, उद्या येतेस?"

"उद्या शनिवार. अर्धा दिवस."

"मला पूर्ण हवा आहे. ती ओळ काढून टाकायची आहे."

"काढून? म्हणजे इनिशियल दिलं नाही तर..."

"तर काहीच छापायचं नाही. पान तिथंच अडेल आणि सांगेल, इनिशियल दिलेलं नाही. ज्याला नाव छापायचं आहे त्यानं ते द्यायलाच हवं. साच्यानं अंदाज करायचा नाही. एकट्या हॉल तिकिटावरून दिलं तर बाकीची पानं अंदाजच करत राहतील."

रहमत निशाने हिशेब केला. "त्रेसष्टपैकी किती ठिकाणी दिलेलं नाही?"

"एकेचाळीस."

"सरांना सांगितलंत?"

"सांगेन."

"मग मी बिर्याणी आणते," रहमत निशा म्हणाली. "नोकरी गेली तरी पोट भरलेलं असू दे."

शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या दोघी बसल्या. आधी कयलविळीने जुन्या साच्यातून अठराशे त्रेचाळीस हॉल तिकिटे पुन्हा काढून बाजूला ठेवली. मग चौथी ओळ पुसली, शेजारची टीपही पुसली, आणि व्यवस्थेची कार्यालयातली चाचणीची प्रत चालवून पाहिली. पहिलेच पान लाल झाले. पाठोपाठ दुसरे. ग्रंथालयाचे कार्ड, बसचा पास, शुल्कमाफीचे पत्र, वसतिगृहाची हजेरी, पालकसभेचे निमंत्रण: जिथे जिथे कुणी इनिशियल द्यायला विसरले होते, ती प्रत्येक जागा आता स्वतःहून ओरडत होती. एकेक पान उघडायचे, कुणाचे नाव आहे ते पाहायचे, त्याच्या नोंदीतले इनिशियल साच्याच्या हाती द्यायचे, पुन्हा चालवायचे. काम अवघड नव्हते, नुसते लांब होते. वरची एकवीस रहमत निशाने घेतली, खालची वीस तिने.

"अक्का, पालकसभेच्या पत्रावर वडिलांचंच नाव आहे. वडिलांचं इनिशियल काय द्यायचं?"

"त्यांचं स्वतःचं. रकाना आहे बघ."

"आजपर्यंत काय जात होतं?"

"काहीतरी जात होतं."

"कुणी तक्रार केली नाही?"

"पालकसभेला कोण येतं!"

दीड वाजता बिर्याणी खाल्ली. तीनला शेवटचे पान हिरवे झाले. मग तिने नव्या साच्यातून सगळी हॉल तिकिटे काढली आणि जुन्या गठ्ठ्याशी ओळीस ओळ ताडून पाहायला यंत्राला लावले. एकच फरक निघावा, अशी तिची अपेक्षा होती. तीन निघाले.

पी. याळिनी ही एक. दुसरा मुरुगानंदम नावाचा वाणिज्य शाखेतला मुलगा. त्यालाही आईचेच इनिशियल होते. तिसरी बत्तीस वर्षांची, लग्नानंतर पुन्हा शिकायला आलेली, नवऱ्याचे इनिशियल लावणारी. त्या दोघांनी काहीच कळवले नव्हते. बहुधा त्यांनी तिकीट अजून नीट पाहिले नव्हते, किंवा पाहून वडिलांच्या दाराशी, माहेरच्या दाराशी सहीसाठी निघाले होते. उरलेली अठराशे चाळीस तिकिटे टिंबासकट तशीच्या तशी होती. कयलविळीने ते आकडे रहमत निशाला मोठ्याने वाचायला लावले आणि स्वतः पुन्हा मोजले.

मग तिने तिरुमूर्ती सरांना पत्र लिहिले. लांबवले नाही. साच्यातली चौथी ओळ काढली आहे. एकेचाळीस ठिकाणी इनिशियल आता उघडपणे दिले जाते. जुन्या आणि नव्या तिकिटांत तीनच फरक आहेत, ते सोबत जोडले आहेत. आपली सूचना वाचूनही हे केले आहे, निर्णय माझा एकटीचा आहे, निशाने माझ्या सांगण्यावरून काम केले. काही बिघडल्यास जुनी प्रत परत बसवायला चार मिनिटे लागतील, आणि सोमवारी सकाळी आठपासून मी जागेवर असेन. पत्र पाठवून तिने उत्तराची वाट पाहिली नाही. चार वाजून वीस मिनिटांनी तिने नवा साचा महाविद्यालयाच्या व्यवस्थेवर चढवला आणि बाहेरून, साध्या माणसासारखी, पाच-सहा पाने उघडून पाहिली. ती उघडत होती.

तिने आरोक्यसामींना फोन लावला.

"तीन तिकिटं पुन्हा छापायची आहेत. नावं पाठवते."

"तीन? मुलगी तर एकच होती."

"तीन आहेत. उरलेल्या दोघांना आजच फोन करा, अण्णा. सही आणायला कुणी निघालं असेल तर थांबवा."

"आणि तो दुरुस्तीचा अर्ज?"

"त्याची गरज नाही. नोंद बरोबरच होती."

आरोक्यसामींनी नावे लिहून घेतली, प्रत्येकाचे इनिशियल दोनदा विचारून. मग तिने काल याळिनीच्या पाकिटावरून उतरवून घेतलेला नंबर लावला. फोन मुलीने नाही, आईने उचलला. मागे शिलाई मशीन चालू होते, ते थांबले.

"पूंगोडीअम्मा का? मी कयलविळी, याळिनीच्या हॉल तिकिटाचं काम होतं ना, ती. तिकीट पी इनिशियलनं निघालं आहे. सोमवारी सकाळी नऊला परीक्षा विभागातून घ्यायचं. उद्या कुठं जायची गरज नाही."

"खरंच नाही ना हो?" पूंगोडीने विचारले.

"नाही," कयलविळी म्हणाली.